क्लिकांचं साटंलोटं

तुम्ही माझी वेबसाइट पंधरा सेकंद बघा, मी तुमची पंधरा सेकंद बघतो. ट्रॅफिक एक्स्चेंज नावाच्या सबंध धंद्याचा करार एवढाच. दुसऱ्यांची पानं उघडत बसायचं, प्रत्येक पानामागे क्रेडिट जमवायचं, आणि त्या क्रेडिटच्या बदल्यात दुसरं कोणीतरी तुमचं पान उघडणार. ओळखपाळख नाही, 'कशी वाटली साइट?' अशी चौकशी नाही. हा प्रकार जवळजवळ तीस वर्षं चालू आहे. यातून एक जण तिशीच्या आत कोट्यधीश झाला, काही जण तुरुंगात गेले आणि बाकीच्या लाखो लोकांचा काउंटर तेवढा फिरला.

मोह कसा होतो ते बघा. समजा, तारकर्लीला तुमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. भाच्याने हौसेने वेबसाइट करून दिली. समुद्र, नारळ, सोलकढी, सगळ्याचे फोटो टाकले. आठवडाभरात पाहुणे किती आले? तुम्ही, भाचा आणि गूगलचा रोबो. अशा वेळी 'रोज हजार व्हिजिटर, तेही फुकट' अशी जाहिरात समोर आली की हात शिवशिवणारच. तर हात घालण्यापूर्वी थोडा मालमसाला.

पडद्यावर दिसतं काय?

वर एक अरुंद पट्टी. पट्टीत उलटे पळणारे आकडे: १५, १४, १३... खाली चौकटीत कोणाचं तरी पान. 'घरबसल्या कमवा', 'माझी गुप्त पद्धत', 'हे बटण दाबा', आणि मोठ्ठा पिवळा बाण. आकडा शून्यावर आला की पट्टीत चारपाच चिमुकली चित्रं उगवतात. त्यातली दोन सारखी असतात, ती ओळखून टिचकी मारायची. बरोबर मारली की क्रेडिट जमा आणि पुढचं पान हजर. चुकली तर पंधरा सेकंद वाया.

ही चित्रं तुमची बुद्धी तपासायला ठेवलेली नाहीत. तुम्ही माणूस आहात की प्रोग्रॅम, आणि माणूस असाल तर जागे आहात की नाही, हे त्यातून कळतं. म्हणजे एक्स्चेंज चालवणाऱ्यांनाही आपल्या सभासदांची जात ठाऊक आहे! सभासदाचे डोळे सगळा वेळ त्या पट्टीवर खिळलेले असतात, कारण क्रेडिट तिथे मिळतं. खालच्या चौकटीत तुमची तारकर्ली असो की कोणाचं वजन कमी करायचं चूर्ण, त्याला सोयरसुतक नसतं.

हा झाला हाताने चालवायचा प्रकार. दुसरा प्रकार ऑटोसर्फ. त्यात चित्रं नाहीत, टिचकी नाही. एकदा सुरू केलं की पानं आपोआप बदलत राहतात. सभासद तोवर जेवायला, झोपायला किंवा नोकरीला गेलेला असतो. तिकडे कोणाच्या तरी रिकाम्या खोलीत तुमचं होमस्टे उघडतं आणि मिटतं.

दोन दाखवा, एक मिळवा

या साटंलोट्याचं सगळ्यात यशस्वी रूप म्हणजे लिंकएक्स्चेंज. १९९६ मध्ये टोनी शे आणि संजय मदन या हार्वर्डच्या दोन मित्रांनी ओरॅकलमधली नोकरी सोडून ते सुरू केलं. त्यात पानांऐवजी जाहिरातीच्या पट्ट्या, म्हणजे बॅनर फिरायचे. तुमच्या साइटवर दुसऱ्याचे बॅनर दोनदा दिसले की तुमचा बॅनर दुसरीकडे एकदा दिसणार.

मग उरलेला एक? तो लिंकएक्स्चेंजच्या खिशात. तो पैसे देणाऱ्या जाहिरातदाराला विकायचा. सभासदांना वाटायचं, फुकटात जाहिरात होतेय. कंपनीला एक पैसा न देता जगभर जाहिरातीची जागा मिळत होती. या हिशेबातच सगळी मेख आहे. आजही बहुतेक एक्स्चेंज बघितलेल्या पानांपेक्षा कमी भेटी देतात आणि मधला फरक विकतात.

याहू कंपनीने सुरुवातीलाच दोन कोटी डॉलर देऊ केले, पोरांनी नाही म्हटलं. १९९८ मध्ये चार लाखांवर साइट जोडल्या गेल्या होत्या, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ही कंपनी २६.५ कोटी डॉलरला विकत घेतली. टोनी शे तेव्हा चोवीस वर्षांचा होता. पुढे ऑनलाइन बूट विकणाऱ्या झॅपोसचा तो प्रमुख झाला आणि तीही कंपनी २००९ मध्ये ॲमेझॉनने घेतली. एक्स्चेंजमधून खरा पैसा कोणाला मिळतो, हा प्रश्न एव्हाना सुटला असेल.

चव्वेचाळीस टक्क्यांचं बालपण

त्या काळी लोक बॅनरवर खरोखर क्लिक करायचे, हे आज सांगूनही पटणार नाही. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी हॉटवायर्ड या साइटवर एटी अँड टी कंपनीचा बॅनर झळकला. वेबवरच्या सुरुवातीच्या बॅनरमध्ये त्याचं नाव सगळ्यात आधी घेतात. ज्यांनी तो पाहिला त्यांतल्या ४४ टक्के लोकांनी त्यावर क्लिक केलं असं सांगतात. आता शंभरात एकाने केलं तरी जाहिरात खात्यात पेढे वाटतात. नवलाई होती तेव्हा साटंलोटंही चाललं. नवलाई ओसरली, साटंलोटं तेवढं राहिलं.

त्याच सुमारास वेबरिंगही निघाल्या. एकाच विषयाच्या साइट एकमेकींना साखळीने जोडायच्या आणि तळाशी 'पुढची साइट' असं बटण ठेवायचं. सेज वाइल या अमेरिकी मुलाने शाळकरी वयात त्यासाठी सोय उभी केली. फरक एवढाच की टपाल तिकिटांच्या साखळीत फिरणारा माणूस टपाल तिकिटांसाठीच आलेला असायचा. आपल्याकडे ब्लॉगांच्या बहरात ब्लॉगच्या कडेला 'मराठी ब्लॉग विश्व'चं चिन्ह लावायची पद्धत होती, तीही याच कुळातली. वाचक मोजके यायचे, पण मराठी वाचणारे यायचे. काही जण तर प्रतिक्रियेत शुद्धलेखनाच्या चुका काढून जायचे. यापेक्षा जिवंतपणाचा पुरावा कोणता?

तासाचा हिशेब

कागद-पेन्सिल घ्या. एका पानाला पंधरा सेकंद, वर चित्र ओळखणं आणि पान उघडणं मिळून आणखी पाच. म्हणजे मिनिटाला तीन पानं, तासाला १८०. दोनास एक हा दर असेल तर हाती ९० भेटी. तेही मध्ये चहा घेतला नाही, फोन वाजला नाही आणि दारात कुरिअरवाला आला नाही तर.

'रोज हजार' या आश्वासनासाठी रोज अकरा तास बसावं लागेल. तेवढ्या वेळात तारकर्लीच्या किनाऱ्यावर उभं राहून बोट दाखवलं तरी चार गिऱ्हाइकं घरी येतील.

बसायचं नसेल तर क्रेडिट विकत मिळतं, आणि एक्स्चेंजची इच्छाही तीच असते. किंवा आपल्या हाताखाली सभासद जोडा, त्यांनी पाहिलेल्या पानांतला थोडा वाटा तुम्हाला. म्हणूनच या पानांवर फिरताना दर दुसरं पान दुसऱ्या कुठल्या तरी एक्स्चेंजचीच जाहिरात करत असतं. सगळे विक्रेतेच जमलेत आणि गिऱ्हाईक एकही नाही, असा हा आठवडी बाजार आहे.

गूगलचं पान त्या चौकटीत का दिसत नाही?

एक्स्चेंजच्या चौकटीत गूगल किंवा फेसबुकचं पान टाकून बघा, उघडणार नाही. दुसऱ्याच्या चौकटीत बसायला या साइट साफ नकार देतात. कारण जुनं आहे. चौकटीत खरं पान ठेवायचं, त्यावर न दिसणारं बटण चढवायचं आणि माणसाकडून नको तिथे क्लिक करवून घ्यायचं, या चोरीला २००८ मध्ये 'क्लिकजॅकिंग' हे नाव पडलं. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर ८ मध्ये उपाय आणला. सर्व्हरनेच ब्राउझरला बजावायचं, 'मला दुसऱ्याच्या चौकटीत दाखवू नकोस.' हळूहळू सगळ्या ब्राउझरांनी तो स्वीकारला.

एक्स्चेंजवर मात्र उलटा न्याय आहे. तुमच्या साइटला ही सुरक्षा असेल तर 'तुमचं पान आमची चौकट मोडतं' म्हणून ते नाकारलं जातं. काही जण मग होस्टिंगवाल्याकडे जाऊन ती सुरक्षा काढून घेतात. ज्या साइटवर खोली आरक्षित होते आणि पैसे भरले जातात, तिचं कुलूप टाइमपास करणाऱ्यांसाठी काढायचं, हे धाडस करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आकडा चढला, पण अॅनालिटिक्सला उल्लू बनवता येतं का?

अर्धवट. गूगलने २००५ मध्ये अर्चिन नावाची कंपनी घेतली आणि त्याच वर्षी साइटवरच्या भेटी मोजणारं गूगल अॅनालिटिक्स सुरू केलं. आताच्या आवृत्तीत भेट 'गुंतलेली' मानायला तीनपैकी एक गोष्ट लागते: दहा सेकंदांहून जास्त मुक्काम, दोन पानं पाहणं किंवा तुम्ही ठरवलेली महत्त्वाची कृती. आता पंधरा सेकंदांचा टायमर दहा सेकंदांची अट आरामात ओलांडू शकतो! म्हणजे पट्टीकडे बघत बसलेला माणूस तुमच्या कागदोपत्री 'गुंतलेला' ठरायचा. पण पान डोळ्यांसमोर उघडं असेल तेवढाच वेळ धरला जातो. बाजूच्या टॅबमध्ये ऑटोसर्फ लावून क्रिकेट बघणाऱ्याचा वेळ शून्याच्या आसपासच राहतो.

आणि चोरी उघडी पडते ती दुसऱ्याच ठिकाणी. माणूस कुठून आला, या रकान्यात एक्स्चेंजचं नाव स्वच्छ लिहिलेलं असतं. (ते लपवण्याची सोय काही ठिकाणी पैसे देऊन मिळते. यावरून काय ते समजा.) दुसरं पान कोणी उघडत नाही. 'संपर्क'वर कोणी जात नाही. मराठी पान वाचणाऱ्यांचे देश बघावेत तर मराठीचा गंध नसलेले डझनभर.

खरी हानी इथे आहे आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. दिवाळीच्या सुट्टीत पुणे-मुंबईहून किती जण आले, त्यांनी खोल्यांचे दर पाहिले की जेवणाचे, हे तुम्हाला आधी त्या तीसचाळीस भेटींवरून कळत होतं. आता त्यावर नऊशे पोकळ भेटींचा ढिगारा. खरे तीस जण कुठे गेले? शोधा.

अॅडसेन्स: हात लावाल तर भाजेल

'भेटी वाढल्या की जाहिरातीचे पैसे वाढतील' हा पुढचा तर्क. गूगलची अॅडसेन्स योजना २००३ सालची. हिंदी साइटना तिचं दार २०१४ च्या डिसेंबरात उघडलं आणि मराठीला त्यानंतरही काही वर्षं थांबावं लागलं. एवढी वाट पाहून मिळालेलं खातं घालवायचं असेल तर ट्रॅफिक एक्स्चेंज हा जवळचा रस्ता आहे. क्लिकसाठी पैसे देणाऱ्या, ऑटोसर्फ करणाऱ्या किंवा क्लिकांची देवाणघेवाण करणाऱ्या सेवांमधून आलेल्या लोकांना जाहिराती दाखवायच्या नाहीत, असा नियमच आहे.

नियम कठोर का? कारण गूगलला पैसे देणारा कोणीतरी जाहिरातदार असतो. त्याची जाहिरात कोणा झोपलेल्या माणसाच्या संगणकाला दाखवून त्याच्याकडून पैसे घेतले तर तो उद्या बोंब मारणार. म्हणून खोटी वाटणारी कमाई आधी कापली जाते आणि प्रकरण वाढलं तर खातंच बंद होतं. शंभर डॉलर जमल्याशिवाय पैसे निघत नाहीत, हे लक्षात घेतलं तर बऱ्याच जणांचं खातं पहिला हप्ता पाहण्याआधीच का जातं तेही कळेल.

गूगलमध्ये साइट वर येते म्हणे!

नाही येत. अॅनालिटिक्समधले आकडे क्रमवारीसाठी वापरत नाही, असं गूगलने वारंवार सांगितलंय. एक्स्चेंजची चौकट म्हणजे लिंकही नव्हे. आणि जिथे खरोखर लिंकांची देवाणघेवाण होते, 'तू माझी लाव, मी तुझी लावतो' असं ठोकभावाने चालतं, ते गूगलच्या नियमांत स्पॅम धरलं जातं. २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने 'पेंग्विन' नावाचा बदल आणला आणि अशा लिंकांवर उभ्या असलेल्या कितीतरी साइट एका रात्रीत दिसेनाशा झाल्या. नाव गोंडस, काम सुतारपक्ष्याचं.

वर येण्याची एक जागा मात्र खरोखर होती: अलेक्सा. बोलणारी ॲमेझॉनची अलेक्सा नव्हे, तिच्या आधीची. १९९६ मध्ये निघालेल्या या कंपनीचं नाव अलेक्झांड्रियाच्या प्राचीन ग्रंथालयावरून ठेवलं होतं. १९९९ मध्ये ती ॲमेझॉनने घेतली. जगातल्या साइटची क्रमवारी ती लावायची, आणि त्यासाठी मुख्य भरवसा होता ब्राउझरमध्ये तिचं टूलबार बसवलेल्या लोकांवर. सर्वसामान्य माणूस असलं टूलबार कशाला बसवेल? बसवायचे ते वेबसाइटवालेच. आणि एक्स्चेंजवर बसलेले सगळे वेबसाइटवालेच! त्यांच्यात चार दिवस साइट फिरवली की अलेक्साचा क्रमांक टणाटण वर. तो क्रमांक दाखवून लोक जाहिरातदारांकडून पैसे मागायचे. १ मे २०२२ रोजी ॲमेझॉनने ही सेवाच बंद केली आणि एक्स्चेंजच्या हातातला एकमेव खरा हुकमी पत्ता गळाला.

३०१ चं कोडं

ज्यांनी २०१५ पूर्वी यूट्यूब पाहिलंय त्यांना आठवेल. नवा व्हिडिओ ३०१ व्ह्यूजवर येऊन अडायचा. लाइक हजार आणि व्ह्यूज ३०१! लोकांनी नाना तर्क लढवले. कारण मजेशीर होतं. तीनशेपर्यंत यूट्यूब डोळे झाकून मोजायचं. त्यापुढे मात्र हे व्ह्यूज माणसांचे आहेत की कोणी घाऊक फिरवलेत, याची तपासणी व्हायची आणि तोवर आकडा गोठायचा. मग ३०० का नाही, ३०१ का? प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने 'तीनशेपेक्षा कमी' न लिहिता 'तीनशे किंवा त्याहून कमी' लिहिलं होतं, म्हणून एक जास्तीचा आत शिरला. ऑगस्ट २०१५ मध्ये ही पद्धत बंद झाली. तपासणी मात्र चालू आहे. एक्स्चेंजवर फिरवलेले व्ह्यूज आजही कापले जातात.

बघायचे पैसे मिळतात म्हणे!

इथून गोष्ट गमतीची राहत नाही. क्रेडिटऐवजी रोख रक्कम देतो म्हणणारी एक्स्चेंजही निघाली. अमेरिकेतल्या '१२डेलीप्रो'चं गणित ऐका. सहा डॉलरचं एक युनिट, जास्तीत जास्त हजार युनिटं घ्या. रोज बारा पानं बघा. बारा दिवस रोज बारा टक्के परत. म्हणजे बारा दिवसांत १४४ टक्के! तीन लाखांहून जास्त लोकांनी मिळून पाच कोटी डॉलरच्या वर ओतले. फेब्रुवारी २००६ मध्ये तिथल्या एसईसी या नियामक संस्थेने दावा लावला. आलेल्या पैशातले निदान ९५ टक्के नव्या-जुन्या सभासदांनीच भरलेले होते, असं त्यात म्हटलं होतं. नव्याचे पैसे जुन्याला, बाकी शून्य. पानं बघणं हा निव्वळ देखावा होता.

मग २००८ मध्ये फ्लोरिडातलं 'अॅडसर्फडेली' पकडलं गेलं. त्याच्या चालकाला २०१२ मध्ये साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. २०१६ मध्ये पाळी आली यूटातल्या 'ट्रॅफिक मॉन्सून'ची. पन्नास डॉलरचं पॅक घ्या, पंचावन्न होईपर्यंत वाटा मिळेल, अट एवढीच की रोज ठरावीक जाहिरातींवर क्लिक करा. एक लाख बासष्ट हजारांहून जास्त लोक, वीस कोटी सत्तर लाख डॉलर, आणि त्यातले बहुतेक लोक अमेरिकेबाहेरचे. पाऊस पडला, पण भलत्याच अंगणात.

आपण मागे राहतो होय? फेब्रुवारी २०१७ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या एसटीएफ या विशेष कृती दलाने नोएडात 'सोशल ट्रेड'चा धंदा बंद पाडला. एका क्लिकला पाच रुपये. सगळ्यात मोठं पॅकेज ५७,५०० रुपयांचं. क्लिक करायच्या त्या लिंका बहुतांशी सभासदांच्याच. पोलिसांच्या सांगण्यानुसार साडेसहा लाखांच्या आसपास लोकांकडून सुमारे ३,७०० कोटी रुपये गोळा झाले होते. त्याआधी २०११ मध्ये 'स्पीक एशिया'ने लोकांकडून ११,००० रुपये घेऊन घरबसल्या सर्वेक्षणं भरायला लावली होती आणि मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेला त्यामागे धावावं लागलं होतं. क्लिकच्या जागी सर्वेक्षण आलं एवढंच.

ओळखायची खूण सोपी आहे. कोणी माझं पान बघितल्याबद्दल मी पैसे दिलेत का? मी दिले नसतील, तुम्ही दिले नसतील, आणि बाहेरचा जाहिरातदार कोणी दिसतच नसेल, तर तुम्हाला मिळणारे पाच रुपये तुमच्यानंतर फसणाऱ्याच्या खिशातून आलेत.

पाहुण्यांबरोबर येणारे किडे

२०१६ मध्ये संगणक सुरक्षेच्या संशोधकांनी नऊ एक्स्चेंज काही महिने तपासली. तिथे फिरणाऱ्या पत्त्यांपैकी २६ टक्क्यांहून जास्त पत्त्यांवर घातक माल सापडला: काळ्या यादीतल्या साइट, खोडसाळ स्क्रिप्ट, लहान केलेल्या लिंकांआड दडलेले सापळे. म्हणजे चारातलं एक पान. तुम्ही तासाला १८० पानं बघताय, हा आकडा विसरू नका.

आणखी एक बारीक खर्च. तुमचं फोटोंनी भरलेलं पान दोन एमबीचं असेल तर दहा हजार पोकळ भेटींना वीस जीबी डेटा जातो. स्वस्तातल्या होस्टिंगवर शेजारीपाजारी बऱ्याच साइट एकाच सर्व्हरवर असतात. कंपनीकडून 'तुमच्या साइटमुळे ताण येतोय' असा निरोप आला की पुढे खातं थांबवतात.

मग फायदा काहीच नाही?

आहे, आणि तो कुणाला आहे ते नीट बघण्यासारखं आहे. एक्स्चेंजवर बसलेला प्रत्येक जण वेबसाइटवाला आहे, त्याला लोक हवेत, आणि त्याच्याकडे पैशापेक्षा वेळ जास्त आहे. तुमचं गिऱ्हाईक हेच असेल तर जागा अगदी बरोबर. होस्टिंग विकताय, लोगो करून देताय, ई-मेल पाठवायचं सॉफ्टवेअर आहे, साइटचे तयार साचे आहेत? तर तुमचा माल लागणारे लोक इथे रांगेत बसलेत. असे विक्रेते इथे आपली मुख्य साइट कधीच दाखवत नाहीत. एकच वाक्य, एक चित्र आणि ई-मेल लिहायचा एक चौकोन, असं छोटं पान खास करतात. पंधरा सेकंदांत त्याहून जास्त काही मावत नाही, हे त्यांनी जाणलेलं असतं.

दुसरा उपयोग तपासणीचा. साइट नवी असेल, एकदम दोनशे माणसं आली तर ती टिकते का, फोटो उघडायला किती वेळ लागतो, जुन्या ब्राउझरमध्ये मांडणी विस्कटते का, हे कळायला काही तास हे फुकटे पाहुणे चालतात. लोक प्रेमाने बघत नाहीत हे इथे उलट उपयोगी पडतं.

तिसरा फायदा मला मनापासून वाटतो आणि तो कोणी सांगत नाही. शंभर पानं लागोपाठ पाहिली की वाईट जाहिरात कशी असते याचं फुकट शिक्षण होतं. कुठल्या पानाने पट्टीवरून तुमचे डोळे खाली ओढले, तेवढं टिपून ठेवा. शंभरात दोनतीनच असतील. ती दोनतीन मात्र एखाद्या महागड्या कार्यशाळेपेक्षा जास्त शिकवतात. बहुधा त्यांच्यात उद्गारचिन्हं कमी असतात.

तारकर्लीच्या होमस्टेला यातलं पहिलं लागू नाही. दुसरं, तिसरं एका दुपारपुरतं. तिथे येणारा माणूस गूगल मॅप्सवर 'जवळचं होमस्टे' शोधत येतो, त्यामुळे तिथली फुकट नोंद, खरे फोटो, चालू असलेला फोन नंबर आणि गेल्या उन्हाळ्यात येऊन गेलेल्या दोन कुटुंबांचे चार शब्द याला तोड नाही. ज्यांना सुरमईचं कालवण आवडलं होतं त्यांना व्हॉट्सअॅपवर साइटची लिंक पाठवा. त्यातले पाच जण उघडतील, एक जण नात्यातल्या कोणाला तरी पुढे पाठवील.

तरीही जायचंच असेल तर

ऑटोसर्फ नको, हाताने चालवायचंच घ्या. मुख्य साइट न देता वेगळं, हलकं पान करा आणि त्यावर अॅडसेन्स अजिबात ठेवू नका. लिंकच्या शेपटीला आपली खूण जोडा, म्हणजे अॅनालिटिक्समध्ये हा जमाव बाजूला काढून खऱ्या पाहुण्यांकडे बघता येईल. नोंदणीला वेगळा ई-मेल वापरा, कारण त्या पत्त्यावर पुढची काही वर्षं 'तुमचं क्रेडिट संपत आलंय' अशी पत्रं येत राहणार. पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नको. बँकेचं काम ज्या ब्राउझरमध्ये करता त्यात तर ही पट्टी उघडूच नका, वेगळा ब्राउझर टाकून घ्या. आणि बघायला बसाल तेव्हा स्पीकर बंद ठेवा. दर तिसऱ्या पानावर कोणीतरी श्रीमंत झालेला माणूस एकदम मोठ्याने बोलायला लागतो.